ईश्वरचिठ्ठीतला प्रोसेसर

माझा कॉम्प्युटर चार-नऊच्या पुढे जात नव्हता. चार वर्षं जात नव्हता. यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कोणाला वाटलं तर त्यांनी माझ्या बायकोशी बोलावं. तिलाही चार वर्षं हेच वाटत होतं.

आधी चार-नऊ म्हणजे काय ते सांगतो. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू, आणि तो बनवणारी कंपनी त्याचा एक वेग ठरवून देते. काही प्रोसेसर असे असतात की त्यांचा वेग आपल्याला आपल्या जबाबदारीवर वाढवता येतो. एक पायरी वाढवायची, थोडा जास्त व्होल्टेज द्यायचा, आणि मग तासभर त्याच्याकडून भयंकर अवघड गणितं करून घ्यायची. तासभर टिकला तर पुढची पायरी. नाही टिकला तर पडदा निळा होतो, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि आपण मुकाट्याने एक पायरी खाली येतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. माझा प्रोसेसर चार पूर्णांक नऊ गिगाहर्ट्झवर अख्खा दिवस टिकायचा आणि पाचवर दहा मिनिटांत मान टाकायचा. याचा फायदा काय, हे विचारू नका. मला त्या वेगाचं काही काम नव्हतं. आमच्या गल्लीत एक जण कबुतरं पाळतो, त्याला कोणी फायदा विचारत नाही.

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सकाळी नागपूरच्या नंदनवनहून कंपनीची बस, संध्याकाळी परत. तयार माल समोर येतो, तो मोजायचा, मापात असला तर सही, नसला तर लाल चिठ्ठी. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही खोटं रीडिंग लिहिलेलं नाही. ही फुशारकी नाही, कारण त्याने माझं काही भलं झालेलं नाही. एकदा एक अख्खी खेप मापाबाहेर निघाली. साहेब म्हणाले, केसभराचा तर फरक आहे, करून टाक सही. मी केली नाही. पुढच्या काही वर्षांत माझ्या हाताखाली काम शिकलेले दोघं माझे साहेब झाले, आणि मी आहे तिथेच आहे.

आणि माझा मित्र. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो, तेव्हापासूनचा. त्याच्या घरची लकडगंजमध्ये आरा मशीन आहे, म्हणजे लाकूड कापायची गिरणी. शिक्षण संपल्यावर तो वडिलांच्या गादीवर बसला आणि मी कळमेश्वरची बस धरली, पण रविवार कधी चुकला नाही. रविवारी अकराला मी त्याच्या गिरणीतल्या ऑफिसात. भुशाचा वास, कपाटावर भुशाचा थर, आणि आम्ही दोघं एका पडद्यात डोकं घालून बसलेले. माझ्या लग्नात तो सगळ्या कामांत पुढे होता. माझे वडील गेले तेव्हा घाटावर लाकडं त्याने स्वतः निवडून पाठवली, ओली नकोत म्हणून. हे सगळं खरं आहे आणि हे आजही खरं आहे, माझी अडचण तीच आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, अगदी एकसारखी मशीनं घेतली. तोच प्रोसेसर, तोच बोर्ड, तोच पॉवर सप्लाय. आता या नादातल्या लोकांना एक गोष्ट माहीत असते. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेले दोन प्रोसेसर सारखे नसतात. एक लांब जातो, दुसरा अलीकडेच थांबतो, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. जगभरचे लोक याला लॉटरी म्हणतात. दोन डबे टेबलावर होते आणि प्रश्न होता की कोणता कोणाचा. मी म्हटलं, तुला हवा तो उचल. तो म्हणाला, असं नाही, उद्या माझा चांगला निघाला तर तू म्हणशील निवडून घेतला. आपण ईश्वरचिठ्ठी टाकू.

जगात दुसरीकडे कुठे प्रोसेसरसाठी ईश्वरचिठ्ठी टाकली गेली असेल असं मला वाटत नाही. पण आम्ही टाकली. मी डब्यांवर पेनने अ आणि ब लिहिलं. सवयीने दोन्ही डब्यांवरचे लांबलचक नंबरही माझ्या वहीत उतरवून घेतले. माल ताब्यात घेताना नंबर लिहायचा, हे माझ्या हाताला न सांगता समजतं. त्याच्या घरी देवघरासमोर वाटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. त्याची आई नुकतीच पूजा आटोपून उठली होती, तिला परत बसवलं. पहिली चिठ्ठी निघेल ती माझी, असं ठरलं. तिने डोळे मिटले, हात जोडले, चिठ्ठी काढली. ब. कशासाठी हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिने सांगितलं की देवानं ज्याले जे देल्लं ते त्यानं गोड मानून घ्यावं. आम्ही दोघं तिच्या पाया पडलो. हसत हसत पडलो, पण पडलो.

मशीनं जोडायचं काम त्याने अंगावर घेतलं. त्याच्याकडे जागा होती, ब्लोअर होता, आणि माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. दोन्ही डबे त्याच्याकडे ठेवून मी घरी आलो. चौथ्या दिवशी तो माझं मशीन, त्याचे सगळे रिकामे डबे आणि वर पाव किलो पेढे घेऊन आला.

दसऱ्याला आमची पहिली स्पर्धा झाली. खंडेनवमीला आरा मशीन धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवलेली असते आणि दसऱ्याला ती बंद असते. वर्षातला तो एकच दिवस असा की गिरणीत शांतता असते आणि विजेचा दाब हलत नाही. माझा कॅबिनेट चादरीत गुंडाळून ऑटोने लकडगंजला नेला. त्याच्या ओळखीचे पाच-सहा जण जमले होते, तर्री-पोहे होते. माझा चार-नऊला थांबला. त्याचा पाच झाला, पाच-एक झाला, पाच-दोनवर तासभर टिकला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, नशिबाचा भाग आहे गा.

मी नशिबाला असा सहजासहजी सोडत नाही. माझ्या कामात नशीब नावाचा रकाना नसतो. माल मापाबाहेर गेला तर कशामुळे गेला ते शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि लिहून ठेवायचं. मी नवी वही घातली आणि माझ्या मशीनला नेमकं कोण अडवतं ते शोधायला लागलो.

नागपुरात काहीही बिघडलं तरी पहिला संशय उन्हावर जातो. मित्रही तेच म्हणाला. पहिल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत, दुपारी पडदे ओढून, डेझर्ट कूलर थेट कॅबिनेटकडे तोंड करून लावला. बायको आणि मुलं घामाघूम दुसऱ्या खोलीत. पाचवर दहा मिनिटं, निळा पडदा. मग मी डिसेंबरपर्यंत थांबलो. पहाटे साडेपाचला खिडक्या उघड्या टाकून, अंगावर शाल घेऊन तीच चाचणी घेतली. प्रोसेसरचं तापमान उन्हाळ्यापेक्षा पंधरा अंशांनी कमी होतं. तरी पाचवर अकरा मिनिटं, निळा पडदा. ऊन निर्दोष सुटलं. मी वहीत तसं लिहिलं, आणि रविवारी त्याला दाखवलं. त्याने वही नीट वाचली. मग म्हणाला, मेमरी असेल.

मेमरी अगदी सावकाश चालवून पाहिली. फरक नाही. मग म्हणाला, पॉवर सप्लाय असेल. मी जास्त ताकदीचा नवा सप्लाय आणला. फरक नाही. मग म्हणाला, बोर्डचा व्होल्टेज खाली पडत असेल. मी माझा मल्टिमीटर घेऊन बोर्डच्या कोपऱ्यात सुया टेकवून एक अख्खा रविवार बसलो. व्होल्टेज सरळ रेघेत होता. व्होल्टेज वाढवून पाहिला, तर नुसतं तापमान वाढलं. यात साडेतीन वर्षं गेली. लिहिताना चार ओळी झाल्या, पण ती साडेतीन वर्षं होती. प्रत्येक वेळी पुढचा संशयित त्याने सुचवला, आणि प्रत्येक वेळी मी त्याचे आभार मानले. दर दसऱ्याला चादरीत गुंडाळलेला कॅबिनेट, चार-नऊ, पाच-दोन, खांद्यावर हात.

एक गोष्ट मात्र तो मला करू द्यायचा नाही. प्रोसेसर आणि त्याच्या वरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती वर्षा-दीड वर्षाने बदलावी लागते. ती तोच बदलायचा. तू हात नको लावू, पिना वाकतील, म्हणायचा, आणि मला चहा सांगायला पाठवायचा. मी परत येईपर्यंत पंखा पुन्हा बसलेला असायचा. मला त्यात माया दिसायची.

याच काळात माझी बढती तिसऱ्यांदा हुकली. मी त्या संध्याकाळी घरी न जाता थेट लकडगंजला गेलो. त्याने गिरणी लवकर बंद केली. माझं रडणं ओसरू दिलं, आणि मग म्हणाला की काही माणसं पाच-दोनची असतात, काही चार-नऊची असतात, त्यात कोणाचा दोष नसतो. बोचेल असं बोलला नाही, मायेने बोलला. मला ते पटलं, खरंच पटलं. घरी येताना मन इतकं हलकं झालं होतं की मी मुलांसाठी आइस्क्रीम घेतलं. त्या दिवसापासून मी स्वतःला चार-नऊचा माणूस समजायला लागलो. बायकोने कशावरून काही म्हटलं की मी तिला तेच ऐकवायचो. ती म्हणायची, मशीनवरून माणूस मोजायचं हे कुठलं शास्त्र. ती बरोबर होती, पण मला ते मोजमाप सोयीचं पडत होतं.

मागच्या पावसाळ्यात तो एका लग्नासाठी आठ दिवस अमरावतीला गेला. माझ्याकडे मशीन जरा तापत होतं. म्हटलं, पेस्ट आपणच बदलू, पिना काय आपल्याला कळत नाहीत का. रविवार होता आणि अकरा वाजता जायला कुठे नव्हतं. पंखा काढला, स्पिरिटने प्रोसेसर पुसला. पेस्टखालून धातूवर कोरलेला नंबर वर आला.

आता संशयितांच्या यादीत प्रोसेसरशिवाय कोणी उरलं नव्हतं. इंटरनेटवर लोक नंबरावरून सांगतात की अमुक खेपेतले चांगले निघाले, अमुक खेपेतले मठ्ठ. म्हटलं, आपली खेप तरी पाहू. कामावरचं भिंग लावून नंबर वाचला आणि चार वर्षांपूर्वीची वही काढली, कारण खेपेची तारीख मी त्यात लिहिली असणार. ब पुढे लिहिलेला नंबर हा नव्हता. मी परत वाचला. शेवटचे आकडे एकेक करून बोट ठेवून वाचले. मग वरच्या ओळीकडे नजर गेली. अ पुढे लिहिलेला नंबर हाच होता.

माणसाचं मन किती इमानी असतं पाहा. मला पहिल्यांदा वाटलं की मीच लिहिताना उलटसुलट केलं. बावीस वर्षांत जे केलं नाही ते त्या दिवशी केलं असेल. मी माळ्यावर चढलो, डबा काढला. डब्यावर माझ्याच अक्षरात ब होता आणि छापलेला नंबर वहीतल्या ब सारखाच होता. डबा माझा होता, आत बसलेला माल त्याचा. माळ्यावरून उतरताना बायकोने खालून शिडी धरली. काय झालं, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नंबर चुकला.

तरीही मी तीन दिवस त्याच्या बाजूने वकिली केली. जोडताना डबे अदलाबदल झाले असतील. गडबड असते, भुसा असतो, माणूस चुकतो. पण मग पेस्ट आठवायची. चार वर्षांत तीनदा त्याने स्वतः पुसून स्वतः लावलेली, आणि मी चहा सांगायला गेलेलो. चूक झालेला माणूस झाकण ठेवत नाही. मी रोज लाल चिठ्ठ्या लावतो आणि लपवलेला माल मला वासावरून कळतो, असं मी कारखान्यात सगळ्यांना सांगत असतो. इथे चार वर्षं नाकासमोर होता.

तो अमरावतीहून परतला त्या रविवारी मी वही आणि डबा घेऊन अकराला गिरणीत गेलो. आरा चालू होता. मी त्याच्या टेबलावर डबा ठेवला, वही उघडली आणि मशीनमधून काढून आणलेला प्रोसेसर भिंगाखाली ठेवला. त्याने एकदाच पाहिलं. उठला, बाहेर जाऊन आरा बंद करायला सांगितलं, आणि आत येऊन दार लावलं.

नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटत राहिलं. त्याने नाकारलं नाही. त्याने सगळं सांगितलं, जसं एखाद्याने आपल्या दुखण्याचं सांगावं तसं. पहिल्या रात्री त्याने दोन्ही मशीनं जोडली, सहज म्हणून दोन्ही पळवून पाहिली. अ चार-नऊला थांबला. ब पाच-दोनला गेला. तो दोन तास दोन्ही मशीनांकडे पाहत बसला. मग हात थांबला नाही, म्हणाला. आई घरात होती, तिने काढलेली चिठ्ठी होती, हे सगळं आठवत होतं, तरी थांबला नाही.

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. मी एकच विचारलं, "मले मांगला असता तं मी नसता देल्ला काय?"

"देल्ला असता," तो म्हणाला. "म्हणूनच तं मांगला नाही. तू हासत देल्ला असता, आन् मंग मी हरसाल तुह्या मेहरबानीवर जिंकलो असतो."

या वाक्यावर मी आजवर कितीतरी वेळा विचार केला आहे. तो खोटं बोलत नव्हता. मी खरंच हसत दिला असता, आणि बहुतेक दर दसऱ्याला पाच-सहा जणांसमोर तसं म्हटलंही असतं, गमतीत. त्याने मला बरोबर ओळखलं होतं. पण त्याला माझी मेहरबानी नको होती म्हणून त्याने मला नशीब दिलं. मला साडेतीन वर्षं उन्हाच्या, मेमरीच्या, विजेच्या मागे पळवलं, प्रत्येक वेळी पुढचं दार स्वतः दाखवलं, आणि आत काही नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं. प्रोसेसर घेतल्याचं मी विसरलो असतो. बढती हुकली त्या संध्याकाळी चार-नऊची माणसं म्हणून मला जे समजावलं, ते नाही विसरता येत. ते मी त्याला म्हटलं. म्हटलं, त्या दिवशी तुला सगळं माहीत होतं.

तो खाली पाहत म्हणाला, "तवा सांगाचं होतं मले. तू रडून राहिला होता गा, कसं सांगू?"

मग त्याने स्वतःच्या मशीनचं झाकण काढलं, पंखा उतरवला, प्रोसेसर पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मी भिंग लावून नंबर वाचला. वाचायला नको होता, पण वाचला, त्याच्या समोर, शेवटच्या आकड्यापर्यंत. ब होता. माझ्याजवळचा अ मी त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. पंचवीस वर्षांत त्या ऑफिसातून चहा न घेता निघण्याची ती पहिली वेळ, हे मला गेटबाहेर आल्यावर सुचलं.

घरी येऊन मी प्रोसेसर लगेच बसवला नाही. आठवडाभर तो डब्यातच होता. बायकोने विचारलं, आता कशाची वाट पाहता. मला भीती होती, हे मी तिला सांगितलं नाही. बसवला आणि तोही माझ्याकडे चार-नऊलाच थांबला, तर मग मी दोष कोणाला देणार होतो. तो डब्यात होता तोवर सगळा गुन्हा मित्राचा होता आणि मला ते हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी बसवला. जेवणापर्यंत पाच झाला. बायकोने ताट आणून टेबलावरच ठेवलं. चारच्या सुमारास पाच-दोनवर तास पूर्ण झाला आणि पडदा निळा झाला नाही. मी वहीत आकडा लिहिला, तारीख लिहिली, सही केली. चार वर्षं ज्या आकड्यासाठी मी थंडीत पहाटे उठलो, तो माझ्या घरात, माझ्या मशीनवर आला होता. मला आनंद झाला, अगदी खरा, दोन-तीन मिनिटांचा. आणि त्या दोन-तीन मिनिटांत माझ्या हाताने फोन उचलून त्याचा नंबर लावलाही होता. असलं काही झालं की दुसऱ्या कोणाला सांगायचं मला माहीतच नाही.

त्याने पहिल्या रिंगला उचलला. नाव नाही, हॅलो नाही. "किती गेला?" म्हणाला.

तो आवाज ऐकला आणि मला कळलं की तो आठवडाभर याच फोनची वाट पाहत होता. मी पाच-दोन म्हटलं असतं तर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता. परतफेड झाली, हिशेब मिटला, आता दसऱ्याला ये, असं म्हणाला असता. मला त्याला सुटू द्यायचं नव्हतं. मला वाटलं, त्याने जे चोरलं ते चोरण्यासारखं नव्हतंच, असं त्याला कळू दे. आईची चिठ्ठी उगाच मोडली, पंचवीस वर्षं उगाच मोडली. समोर पडद्यावर पाच-दोन दिसत होतं, वहीतली शाई अजून ओली होती.

"चार-नऊ," मी म्हटलं. "तेवढाच."

गिरणी बंद असावी, कारण मागे काहीच आवाज नव्हता. मला त्याच्या तोंडून काहीतरी तुटल्याचं ऐकायचं होतं.

"पाह्य," तो म्हणाला, आणि आवाज एकदम मोकळा होता. "माह्याकडं बी तुही ती चिप लावली मी. पाच-दोनच येऊन राहिला. म्हंजे चिपचा काही संबंधच नव्हता गा. दोन्ही सारख्याच होत्या."

अ नंबरचा तो प्रोसेसर चार वर्षं माझ्या घरात होता. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, मेमरी बदलून, वीज बदलून, एकेका पायरीवर मी त्याला तपासलं आहे. तो पाचवर अकरा मिनिटांच्या वर कधी गेला नाही आणि कोणाच्याही हातात जाणार नाही. आणि ब नंबरचा त्याच्याकडे चार वर्षं होता. तो चार-नऊला थांबणं शक्य नाही, हे त्याच्याइतकं जगात कोणाला माहीत नाही. तो खोटं बोलतो आहे हे मला ऐकताक्षणी कळलं, आणि मी खोटं बोललो हे त्याला माझ्या आधीच कळलेलं होतं.

आम्ही दोघंही फोन कानाला लावून तसेच थांबलो. मी खरं काय ते म्हणू शकलो असतो. तोही म्हणू शकला असता.

"बरं झालं मंग," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला.